नदीचे वाटाडे: कर्नल साइक्स यांचें चरित्र

वाटाड्याचा धंदा आपल्या देशांत फार जुना आहे. घाटांतून व्यापाऱ्यांचे तांडे उतरविणारा, तीर्थक्षेत्रीं यात्रेकरूंस फिरविणारा, रानांत जनावराचा माग दाखविणारा, हे सर्व आपापल्या ठिकाणच्या माहितीवरच पोट भरीत आले आहेत. त्याच कुळांतला एक अलीकडचा धंदा म्हणजे गळ टाकण्याचा छंद असलेल्या पाहुण्यास मोबदला घेऊन नदीवर नेणें, मासा कोठें व केव्हां लागेल हें त्यास दाखविणें आणि त्यास सुखरूप परत आणणें. असा धंदा कोणास आरंभावयाचा असेल तर त्याच्यापाशीं प्रथम कोणतें भांडवल असावें, ह्याचा विचार करीत असतां आम्हांस एका जुन्या पुरुषाच्या चरित्राची आठवण झाली. ते पुरुष म्हणजे कर्नल विल्यम हेन्री साइक्स. हा धंदा त्यांचा नव्हे. ते लष्करांतले अधिकारी होते. तथापि पुण्याच्या नद्यांतील माशांची शास्त्रज्ञांस व्यवस्थित ओळख करून देण्याचें काम त्यांनीं केलें, आणि आजही ह्या नद्यांवर जो कोणी वाटाड्या होऊं पाहील त्यास त्यांच्या नांवाशीं गांठ पडल्यावांचून राहणार नाहीं. म्हणून त्यांचें चरित्र वाचकांपुढें थोडक्यांत मांडावें असें आम्हीं योजिलें आहे.

साइक्स यांचा जन्म तारीख २५ जानेवारी १७९० रोजीं इंग्लंडांत झाला. १८०३ सालीं त्यांना ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करांत उमेदवारी मिळाली आणि पुढच्याच वर्षीं ते अधिकारी झाले. त्या वेळीं त्यांचें वय चौदा वर्षांचें होतें. म्हणजे आमच्या शाळेंतील मधल्या वर्गांतल्या मुलाएवढें! १८०५ सालीं लॉर्ड लेक यानें भरतपुरास वेढा घातला, त्या वेळीं ते तेथें हजर होते. परंतु त्यांच्या पुढील कार्याच्या दृष्टीनें लढाईपेक्षां महत्त्वाची गोष्ट १८१० सालीं घडली. त्या वर्षीं हिंदुस्थानी व मराठी ह्या दोन्ही भाषांची परीक्षा देऊन ते दुभाष्याच्या कामास पात्र ठरले. मराठी भाषा समजल्यामुळेंच पुढें नदीकांठच्या माणसांचें बोलणें त्यांच्या कामीं आलें.

पुण्याशीं त्यांचा संबंध आला तो मात्र शत्रुपक्षाकडून. ता. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीची लढाई झाली व त्याच महिन्यांत पुणें पेशव्यांच्या हातून गेलें. ह्या युद्धांत साइक्स कंपनीच्या हिंदी पलटणींवर अधिकारी होते. ही गोष्ट झांकून ठेवण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं. जो मनुष्य पुढें मुळा-मुठेच्या माशांची यादी करावयास बसला, तो ह्या मुलखांत प्रथम तरवार घेऊनच आला होता. १८२० सालीं ते युरोपास परत गेले व चार वर्षें तिकडे प्रवास करीत राहिले. १८२४ सालीं ते फिरून इकडे आले, तेव्हां मुंबईचे गव्हर्नर मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनीं त्यांस दख्खनच्या मुलखाची आंकडेवार माहिती जमविण्याच्या कामावर नेमिलें.

हें काम सरकारच्या सोयीचें होतें, ह्यांत शंका नाहीं. नवीन जिंकलेल्या मुलखांत माणसें किती, जमिनीची धारणा कशी, पीक काय येतें, हें कळल्यावांचून वसूल व बंदोबस्त नीट चालणार नव्हता. तथापि साइक्स यांची जिज्ञासा सरकारच्या गरजेपाशीं थांबली नाहीं. त्यांनीं हवेच्या दाबाची व उष्णतेची टिपणें ठेविलीं. वेरूळच्या लेण्यांचें वर्णन लिहिलें. दख्खनांतील पशु व पक्षी गोळा केले. पुढें १८३२ सालीं त्यांनीं पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. तींतील एका लहान पक्ष्यास त्यांनीं रामाचें नांव दिलें व एका रातव्यास मराठ्यांच्या मुलखाचें. हे दोन्ही पक्षी शास्त्राच्या पुस्तकांत अजून त्याच नांवांनीं ओळखले जातात.

आतां त्यांच्या माशांकडे वळूं. त्या काळीं मुठेवर खडकवासल्याचें धरण नव्हतें. तें साइक्स यांच्या मरणानंतर पुरें झालें. मुळा व मुठा पुण्यास संगमावर मिळत व पुढें पूर्वेकडे वाहत जाऊन भीमेस मिळत. साइक्स यांनीं ह्या नद्यांतले व भीमेच्या कांठचे मासे गोळा करवून त्यांचीं वर्णनें लिहिलीं. शास्त्रांत प्रत्येक प्राण्यास दोन पदांचें नांव देण्याची रीत आहे. पहिलें पद गणाचें, दुसरें त्या विशिष्ट जातीचें. दुसरें पद निवडण्याचा अधिकार प्रथम वर्णन करणाराचा असतो. बहुतेक विद्वान तेथें लॅटिन किंवा ग्रीक शब्द घालीत. साइक्स यांनीं पुष्कळ ठिकाणीं आपल्या लोकांच्या तोंडचींच नांवें घातलीं. शिंगाळा व शिंगटी हीं नांवें त्यांनीं इंग्रजी कानांनीं जशीं ऐकलीं तशीं लिहिलीं, आणि कोणताही मराठी वाचक तीं सहज ओळखील. कोलस, बोगट, नुक्ता, मुसुल्ला हींही तशींच. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेंतून मिळालेल्या एका मोठ्या, जाड खवल्यांच्या माशास त्यांनीं ‘खुद्री’ असें नांव दिलें. महासीर म्हणून गळ टाकणाऱ्यांत ज्याची कीर्ति आहे, त्याच घराण्यांतला हा मासा. गणाचें नांव पुढें बदललें व हल्लीं त्यास ‘टॉर खुद्री’ म्हणतात. पण खुद्री हा शब्द कायम राहिला. जगांतील कोणत्याही भाषेंतला शास्त्रज्ञ ह्या माशाविषयीं लिहूं लागला, म्हणजे त्यास हा इकडचा शब्द लिहावाच लागतो.

हीं नांवें साइक्स यांस पुस्तकांत मिळालीं नाहींत, कारण तशीं पुस्तकेंच नव्हतीं. तीं भोई-कोळ्यांच्या तोंडून आलीं असलीं पाहिजेत. मासा कोणत्या डोहांत राहतो, कोणत्या ऋतूंत वर चढतो, शिंगटी कोणती व शिंगाळा कोणता, हें पिढ्यान्‌पिढ्या पाण्यांत उभे राहणाऱ्यांसच ठाऊक. म्हणजे साइक्स हे जर शास्त्रज्ञांचे वाटाडे, तर भोई-कोळी हे त्या वाटाड्याचे वाटाडे. परंतु येथें आमच्या मनास एक गोष्ट टोंचते. साइक्स यांनीं कांहीं माशांस यारेल, ओगिलबी, व्हिगर्स अशा विलायतेंतील विद्वानांचीं नांवें देऊन त्यांचा गौरव केला. ज्यांनीं पाण्यांतून मासे काढून दिले, त्यांच्यापैकीं एकाचेंही नांव त्या नामावलींत नाहीं. माशाचें मराठी नांव राहिलें, नांव सांगणारा मनुष्य मात्र विसरला गेला. ह्या उणिवेमुळें साइक्स यांची योग्यता नाहींशी होत नाहीं. पण चरित्र लिहितांना ती लपविणेंही योग्य नव्हे.

त्यांच्या चिकाटीची खरी परीक्षा १८२९ सालीं झाली. त्या वर्षाच्या अखेरीस सरकारनें त्यांची जागाच मोडली. दुसरा कोणी असता तर कागद बांधून आपल्या पलटणींत परत गेला असता. साइक्स यांनीं लष्करी कामांतून सुटी मागून घेतली आणि अपुरें राहिलेलें काम जानेवारी १८३१ मध्यें तडीस नेलें. त्याच वर्षीं जूनमध्यें त्यांनीं हिंदुस्थान सोडलें. माशांवरील निबंध त्यांनीं लंडनच्या प्राणिशास्त्रविषयक सभेपुढें १८३८ सालीं ठेविला व तो पुढच्या वर्षीं प्रसिद्ध झाला. म्हणजे नदी सोडल्यावर सात वर्षांनींही तिच्या माशांस ते विसरले नव्हते.

पुढें त्यांस मोठमोठे मान मिळाले. १८३४ सालीं ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले. लंडनची संख्याशास्त्रविषयक सभा स्थापणाऱ्यांत ते होते व पुढें तिचे अध्यक्षही झाले. १८४० सालीं ते कंपनीच्या संचालकांत आले आणि १८५६ सालीं तिचे मुख्य झाले. १८५७ सालीं ॲबर्डीन शहरातर्फे ते पार्लमेंटांत निवडून गेले व मरेपर्यंत तेथें राहिले. ता. १६ जून १८७२ रोजीं लंडन येथें त्यांचें देहावसान झालें. त्या अधिकारपदांची आठवण आज इतिहासाच्या अभ्यासकांपलीकडे थोड्यांस असेल. खुद्रीचें नांव मात्र गळ टाकणाऱ्या पुष्कळांच्या तोंडीं आहे.

त्या खुद्रीची पुढील हकीगत मोठी बोधप्रद आहे. शहराच्या सांडपाण्यानें मुळा-मुठेची जी दशा झाली ती पुणेकरांस सांगावयास नको. १९७० नंतर टाटा कंपनीनें लोणावळ्याजवळ वळवण येथें महासीराचीं पिलें वाढविण्याचें काम हातीं घेतलें. मासा नाहींसा होऊं नये हा हेतु चांगला होता, व तीं पिलें दूरदूरच्या पाण्यांत सोडण्यांत आलीं. त्यांतलीं कांहीं दक्षिणेस कावेरींत गेलीं. कावेरीच्या कांठीं गलिबोरे वगैरे ठिकाणीं परदेशचे व देशांतले हौशी लोक पैसे भरून महासीर धरावयास येत. धरलेला मासा मोजून पुन्हां पाण्यांत सोडावा, असा तेथील नियम होता. त्यांस डोह दाखविणारे वाटाडे आसपासच्या गांवचेच असत. त्यांतले कांहीं तर पूर्वीं चोरून मासेमारी करणारे होते. मेलेल्या माशापेक्षां जिवंत मासा अधिक दिवस भाकर देतो, हें कळल्यावर तेच नदीचे राखणदार झाले.

ह्या ठिकाणीं मिळालेल्या माशांच्या नोंदी ठेवीत असत. १९९८ ते २०१२ पर्यंतच्या त्या नोंदी पुढें शास्त्रज्ञांनीं तपासल्या, तेव्हां एक भयंकर गोष्ट उघडकीस आली. बाहेरून आलेल्या महासीराची संख्या वाढत चालली होती, आणि कावेरीचा मूळचा, पाठीवर उंचवटा असलेला प्रचंड महासीर झपाट्यानें कमी होत होता. आणखी खेदाची गोष्ट अशी कीं, त्या मूळच्या माशाचें शास्त्रीय नांव कोणतें हेंच २०१८ पर्यंत निश्चित नव्हतें. खुद्रीस साइक्स यांनीं १८३९ सालीं नांव दिलें. ह्या मोठ्या माशास तसा कोणी भेटला नाहीं. नांव नक्की नसल्यामुळें संकटांतील प्राण्यांच्या जागतिक यादींतही त्यास जागा नव्हती. तो टॉर रेमादेवी होय असें ठरल्यावर मग कोठें अतिशय धोक्यांत असलेल्या जातींत त्याची गणना झाली. एका शब्दाची किंमत केवढी असते पाहा!

ह्यावरून धंदा आरंभणाऱ्या तरुणानें काय घ्यावें? गळ, दोरी व नाव ह्यांवर पैसा खर्चण्यापूर्वीं त्यानें एक संबंध वर्ष नदीच्या कांठीं काढावें आणि भोई-कोळ्यांपासून प्रत्येक माशाचें नांव व वागणूक शिकावी; त्यांचे उपकार मात्र गिऱ्हाइकासमक्ष नांव घेऊन मानावे व मोबदल्यांत त्यांस वांटा द्यावा, म्हणजे साइक्स यांच्याकडून राहिलेली उणीव आपल्या हातून भरून निघेल. आपल्या प्रांतांत धरणांच्या जलाशयांतील मासेमारीचा हक्क पुष्कळ ठिकाणीं मच्छीमारांच्या सहकारी संस्थांकडे ठेक्यानें असतो. तेथें त्यांची परवानगी घेतल्यावांचून गळ टाकूं नये. अभयारण्याच्या हद्दींत वनखात्याचा नियम आधीं पाहावा. पावसाळ्यांत मासे अंडीं घालण्यास वर चढतात, तेव्हां गिऱ्हाइकानें कितीही पैसे देऊं केले तरी त्यास परत पाठवावें. गळाचा उलटा काटा घांसून टाकावा, मासा ओल्या हातानें व पाण्यांतच धरावा आणि लवकर सोडावा. एका नदीचें पिलूं दुसऱ्या नदींत कधींही सोडूं नये. आणि प्रत्येक दिवशीं काय मिळालें, काय मिळालें नाहीं, तें खरें खरें वहींत लिहावें. गिऱ्हाईक खूष व्हावें म्हणून माशाचें वजन वाढवून लिहिणारा वाटाड्या आपल्याच नदीविषयीं खोटी साक्ष देतो.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं थोडेच जण हा धंदा करतील. परंतु सरकारनें जागा मोडल्यावरही काम पुरें करणारा साइक्स यांच्यासारखा मनुष्य कोणत्याही धंद्यांत पुढें येतो. पुढील सुटींत संगमावर किंवा भीमेच्या कांठीं जाण्याचा योग आला, तर जाळें टाकणाऱ्या एखाद्या वृद्ध गृहस्थास दोन माशांचीं नांवें विचारून लिहून घ्या, आणि त्याच पानावर सांगणाराचेंही नांव लिहा.