भास्कराचार्य : सरकत्या चंद्राचा हिशेब

शिक्षक मित्रांनो, पालकहो, जळगाव-धुळ्याहून पाटणादेवीला मुलांची सहल नेता ना? चाळीसगावजवळच्या या पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती कोरलेली आहे.

भास्कराचार्यांचा जन्म इ.स. १११४ चा. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ लिहिला; ‘लीलावती’ त्याचाच भाग. त्यात चंद्राची एक अडचण होती. चंद्र सारख्या वेगाने चालत नाही. आजची आणि उद्याची जागा बघून काढलेली सरासरी गती मधल्या वेळेला चुकते. म्हणून त्यांनी त्या-त्या क्षणाची, म्हणजे तात्कालिक गती काढली. आज संगणकावर पुराची लाट मोजताना पाण्याचा काठसुद्धा सरकत असतो. तिथेही वेळेचे छोटे तुकडे करतात. तुकडा फार मोठा घेतला की चूक वाढतच जाते.

सत्तरीच्या आसपास त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहून ग्रहगणित सोपं केलं. पुढे १२०७ च्या सुमारास नातू चंगदेव याने त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटणला मठ काढला.

म्हणजे बघा, हे ज्ञान शिकवणाऱ्यांनी टिकवलं. तेव्हा मुलाचं गणित चुकलं तर रागावू नका, पायरी लहान करून द्या.