फाळकेंनी दादरच्या राहत्या घराचाच कारखाना केला, तेव्हा कुठं 'राजा हरिश्चंद्र' तयार झाला

घरात छोटं वर्कशॉप टाकायचं म्हटलं की आधी जागा, मग उजेड, मग मशीन आणि शेवटी पैसा असा हिशोब होतो. धुंडिराज गोविंद फाळकेंकडे पैसा सोडून बाकी सगळ्याची तयारी होती.

त्र्यंबकेश्वरला 1870 साली जन्म. मुंबईच्या जे. जे.मध्ये चित्रकला शिकले, बडोद्याच्या कलाभवनात फोटोग्राफीत हात बसला. पुढं छपाईचा धंदा केला, पण भागीदारांशी पटलं नाही म्हणून सोडला. 1911 मध्ये गिरगावात ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा सिनेमा पाहिला आणि तोच विषय डोक्यात बसला. वय चाळिशीपार, कमाई बंद, घरात लेकरं. तरी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून 1912 च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. तिथं विल्यमसन कॅमेरा घेतला, बाकीच्या मशिनरीची ऑर्डर दिली आणि एप्रिलमध्ये परतले.

मग कुटुंब दादरच्या बंगल्यात हललं. तिथंच छोटी काचेची खोली आणि फिल्म धुवायला अंधारी खोली झाली. मशिनरी आल्यावर सोबतच्या नकाशावरून फाळकेंनी ती स्वतःच जोडली.

खरी मेहनत पुढं होती. तेव्हा कच्च्या फिल्मला कडेची भोकं नसायची, ती आपणच पाडायची. एका चित्राला दोन्ही कडांना चार-चार, आणि एका फुटात 16 चित्रं. 'राजा हरिश्चंद्र' भरला 3700 फूट. म्हणजे एका प्रिंटचीच भोकं साडेचार लाखांच्या वर! एखादं भोक सरकलं तर पडद्यावर चित्र उडणार, आणि उजेड लागला तर फिल्म वाया. हे काम अंधारात बसून करायच्या सरस्वतीबाई. फिल्म धुवायलाही त्याच. शिवाय साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक. पहिला सिनेमा म्हटलं की नाव एकट्या फाळकेंचं निघतं, पण या कारखान्यातली मुख्य कारागीर ही बाईच होती.

आता एवढं करून भांडवल कोण देणार? फाळकेंनी कुंडीत वाटाणा पेरला आणि तो कसा वाढतो याचं महिनाभर थोडं थोडं चित्रीकरण केलं. पडद्यावर मिनिटभरात बी फुटून वेल वर चढली. हा नमुना बघून कर्ज मिळालं, पण तारण म्हणून सरस्वतीबाईंचे दागिने गेलेच.

सहा महिने 27 दिवस काम चाललं. दिवसा उन्हात शूटिंग, रात्री घरात फिल्म धुणं. 3 मे 1913 ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये सिनेमा लागला आणि चालला.

पुढं फाळकेंनी बिऱ्हाड आणि कारखाना दोन्ही नाशिकला हलवलं. तिथंच 16 फेब्रुवारी 1944 ला ते गेले. दादरच्या ज्या रस्त्यावर तो बंगला होता, त्या रस्त्याला आज दादासाहेब फाळकेंचंच नाव आहे.