गोपाळ गणेश आगरकर : दम्याशी झुंजलेला शिक्षक



जूनच्या मध्यावर आपल्या शाळा उघडतात आणि लगेच 17 जून येतो. हा गोपाळ गणेश आगरकरांचा स्मृतिदिन. परिपाठात आपण त्यांची माहिती सांगतो : थोर समाजसुधारक, केसरीचे पहिले संपादक, फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य. पण एक गोष्ट बहुतेक वेळा सांगायची राहून जाते. आगरकरांना दमा होता आणि वयाची 39 वर्षंही पूर्ण व्हायच्या आत त्याच आजारात ते गेले.

ही गोष्ट मलाही माहीत नव्हती. ती शोधायला लावली माझ्या तिसरीच्या वर्गातल्या एका मुलीने. तिच्याबद्दल पुढे सांगतेच. आधी आगरकरांची गोष्ट ऐका.

बालपण आणि शिक्षण

आगरकरांचा जन्म 14 जुलै 1856 रोजी सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी झाला. घरची गरिबी इतकी की पुढे शिकायचं तर दुसऱ्याच्या आधारानेच. कऱ्हाडला थोडं शिक्षण झालं. शिकण्यासाठी ते पायी रत्नागिरीला गेले, पण तिथे जम बसला नाही. शेवटी नातेवाइकांच्या आधाराने अकोल्याला राहून ते मॅट्रिक झाले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले.

कॉलेजात त्यांच्याकडे एकच सदरा होता, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. रात्री धुवायचा, वाळत घालायचा आणि सकाळी तोच अंगात घालायचा. आपण ती चिकाटीची गोष्ट म्हणून मुलांना सांगतो, आणि ती आहेच. पण आता मला तिच्यात आणखी काही दिसतं. थंडीच्या आणि पावसाच्या दिवसांत तो सदरा सकाळपर्यंत कितीसा वाळत असेल?

ओल्या सदऱ्याने दमा होतो, असं मला म्हणायचं नाही. दम्याची प्रवृत्ती बऱ्याचदा घराण्यातून येते. अशा माणसाच्या श्वासनलिका मुळातच नाजूक असतात. थंड हवा, धूर, धूळ, परागकण, ओल्या भिंतीवरची बुरशी किंवा साधी सर्दी यांनी त्या आतून सुजतात, आवळतात आणि त्यांत चिकट कफ साठतो. मग श्वास बाहेर टाकताना शिट्टीसारखा आवाज येतो. म्हणजे आजार शरीरात असला, तरी त्याला चेतवणारं बरंचसं बाहेर, आपल्या भोवती असतं. गरिबाला मात्र आपल्या भोवतीची हवा निवडता येत नाही.

शिक्षक, संपादक, सुधारक

एम.ए. झालेल्या तरुणाला त्या काळी मोठ्या पगाराची सरकारी नोकरी सहज मिळत असे. आगरकरांनी आईला आधीच कळवून टाकलं की मुलगा मोठा पगार आणील ही आशा ठेवू नकोस, मी पोटापुरतं मिळवून बाकीचा वेळ लोकांसाठी घालवणार आहे. टिळक आणि चिपळूणकरांनी 1880 साली काढलेल्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ते शिक्षक झाले. आपल्याच पेशातला माणूस, बरं का!

1881 साली केसरी सुरू झाला आणि आगरकर त्याचे पहिले संपादक झाले. कोल्हापूर प्रकरणातल्या खटल्यात 1882 साली टिळकांना आणि त्यांना मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढावे लागले. त्या दिवसांवर त्यांनी पुढे पुस्तक लिहिलं. शेक्सपिअरच्या हॅम्लेटचं मराठी रूपांतरही त्यांनी केलं.

1884 साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि 1885 साली फर्ग्युसन कॉलेज उभं राहिलं, त्यातही ते होते. पुढे मतभेद झाले, केसरी सुटला आणि 1888 साली त्यांनी स्वतःचं सुधारक पत्र काढलं. बालविवाह, विधवांचं केशवपन, जातिभेद यांवर त्यांनी कडाडून लिहिलं. मुलींना मुलांच्या बरोबरीने शिकवा, हा त्यांचा आग्रह होता. चिडलेल्या लोकांनी ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. हे सगळं सोसणाऱ्या माणसाला कित्येक रात्री धड आडवंही होता येत नसेल, हे दम्याचा रुग्ण घरात असलेल्यांना सांगायला नको.

1892 साली ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. जेमतेम तीन वर्षं गेली आणि 17 जून 1895 रोजी त्यांचं निधन झालं. आपल्या अंत्यविधीचे पैसे त्यांनी आधीच बाजूला बांधून ठेवले होते, असं सांगतात.

तेव्हा दम्यावर फारसा इलाज नव्हता. धोत्र्याच्या पानांचा धूर ओढायला देत. (कुणी करून बघू नका, धोत्रा विषारी आहे.) आज आपण ज्याला पंप म्हणतो तो दाबून ओढायचा इनहेलर पहिल्यांदा आला 1956 साली, म्हणजे आगरकरांच्या जन्मानंतर बरोबर 100 वर्षांनी.

आपल्या वर्गातले आगरकर

आता माझ्या त्या विद्यार्थिनीबद्दल. आमची शाळा बारामती-इंदापूरच्या ऊसपट्ट्यात आहे. ही मुलगी दिवाळीनंतर महिन्यातून चार-पाच दिवस गैरहजर असायची. आईचं म्हणणं, पोर जन्मापासून नाजूक आहे, तिला खो-खोत घेऊ नका. मीही ते मान्य केलं होतं.

डिसेंबरमध्ये एका सकाळी शाळेशेजारच्या रानात कुणीतरी पाचट पेटवलं. धूर वर्गात आला. ती बाक धरून बसली, खांदे वरखाली होत होते, तोंडातून शब्द फुटेना. मी सर्दी समजून तिला गरम पाणी पाजत बसले आणि वेळ घालवला. शेवटी एका पालकाच्या गाडीवरून दवाखान्यात नेलं, मशीनवर औषधाची वाफ दिली, तेव्हा तिला श्वास आला. दमा आहे, हे त्या दिवशी आम्हाला कळलं.

नंतर मी हजेरीपत्रक काढून बसले. तिचे खाडे नोव्हेंबर ते मार्च या काळातच होते. म्हणजे ऊसतोडीचा हंगाम, पाचटाचा धूर, गुऱ्हाळं, धुराड्याची काजळी, वाहनांनी उडणारा फुफाटा आणि पहाटेची थंडी, सगळं एकदम. घरात चूल आणि रात्री डासांची कॉइल. शाळेत आम्ही काय करत होतो? परिपाठाच्या आधी मुलांकडून कोरडा झाडू मारून घेत होतो आणि खडूचं डस्टर दारात आपटत होतो.

आता झाडलोट शाळा सुटल्यावर पाणी शिंपडून होते, आणि ती मुलगी त्यात नसते. फळा ओल्या फडक्याने पुसतो. मैदानाकडेचं गाजरगवत फुलायच्या आत उपटून टाकलं. शेजारच्या शेतकरी दादांना भेटून विनंती केली, तर त्यांनी यंदा पाचटाची कुट्टी करून सरीत दाबली. तिच्या दप्तरात पंप असतो, आणि तो कसा द्यायचा हे मी दवाखान्यात जाऊन शिकले. पंपाची सवय लागते, ही आईची भीती डॉक्टरांनी दूर केली. औषध थेट फुप्फुसात जातं, म्हणून अगदी थोडं पुरतं.

तिचा दमा गेलेला नाही. पण या हंगामात तिचे खाडे कमी झाले आणि ती खो-खो खेळली.

पालकहो, मुलाला रात्री-पहाटे वारंवार खोकला येत असेल, पळाल्यावर छातीतून आवाज येत असेल, तर नाजूक म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. दमा संसर्गजन्य नाही, ते दैवही नाही. बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर वाट न बघता दवाखाना गाठा.

आगरकरांनी आपल्याला प्रत्येक गोष्टीचं कारण विचारायला शिकवलं. 17 जूनला त्यांचा फोटो पुजताना उदबत्ती तेवढी लावू नका. आणि त्या दिवशी आपल्या वर्गात धाप कुणाला लागते, का लागते, हे एकदा विचारा.