पिवळ्या पानांचा डॉक्टर : युस्टस फॉन लीबिग

होस्टेलवरच्या आमच्या रूममध्ये एक छोटा फिशटँक आहे. मागच्या सेमिस्टरला त्यातलं झाड पिवळं पडायला लागलं. मी परभणी जिल्ह्यातल्या बोरीचा. आमच्याकडे पीक पिवळं दिसलं की पहिला हात युरियाच्या पोत्याकडे जातो. मीपण टँकमध्ये चिमूटभर युरिया टाकला. दोन दिवसांत तीन गप्पी मेले, पाणी हिरवं झालं आणि झाड मात्र होतं तसंच पिवळं! युरियापासून पाण्यात अमोनिया तयार होतो आणि तो माशांना विषासारखा असतो, हे मला नंतर कळलं. मग लायब्ररीत शोधाशोध करताना या माणसाची ओळख झाली.

युस्टस लीबिगचा जन्म १२ मे १८०३ रोजी जर्मनीतल्या डार्मश्टाट इथे झाला. वडिलांचा रंग आणि रसायनांचा धंदा होता. त्यामुळे शाळेपेक्षा प्रयोगांतच पोराचं लक्ष जास्त. तो तेरा वर्षांचा असताना, म्हणजे १८१६ साली, युरोपात उन्हाळा आलाच नाही. आदल्या वर्षी इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला होता आणि त्याच्या धुराळ्याने ऊन अडवलं होतं. पिकं गेली, लोक उपाशी राहिले. दुष्काळ म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. लीबिगने ते कोवळ्या वयात पाहिलं.

पुढे तो एका औषधवाल्याकडे उमेदवारीला राहिला, पण तिथे टिकला नाही. स्फोटक पदार्थांच्या खटपटीमुळे त्याला घरी पाठवलं, अशी गोष्ट सांगतात. नंतर बॉन आणि एर्लांगेनला शिक्षण झालं. मग राज्याच्या स्कॉलरशिपवर तो पॅरिसला गेला आणि गे-ल्युसॅकच्या लॅबमध्ये शिकला. १८२४ साली, फक्त एकविसाव्या वर्षी, तो गीसन विद्यापीठात प्रोफेसर झाला. म्हणजे जवळजवळ आपल्याच वयाचा! आपण अजून बॅकलॉग मोजतोय.

तिथे त्याने एक मोठी गोष्ट केली. त्या काळी सर प्रयोग करून दाखवायचे आणि पोरं बघायची. लीबिगने पोरांच्याच हातात काचेची भांडी दिली. आज आपण जे प्रॅक्टिकल करतो त्याची एक मोठी सुरुवात गीसनला झाली. १८३१ साली त्याने पाच फुग्यांचं एक काचेचं उपकरण बनवलं. पदार्थ जाळून निघालेला कार्बन डायऑक्साइड त्यात शोषला जायचा आणि वजनावरून कार्बन किती ते कळायचं.

१८४० साली त्याचं शेतीच्या रसायनशास्त्रावरचं पुस्तक आलं. झाड कुजलेल्या मातीतला सेंद्रिय भाग खाऊन वाढतं, असं तेव्हा बरेच लोक मानायचे. लीबिगने सांगितलं की झाड कार्बन हवेतून घेतं आणि पोटॅश, फॉस्फरससारखी खनिजं जमिनीतून. पिकाने जे नेलं ते जमिनीला परत द्यायला हवं. आणि जो घटक सगळ्यात कमी, तोच वाढ अडवतो. बाकीचे कितीही घाला, उपयोग नाही. हा नियम कार्ल श्प्रेंगेलने आधीच मांडला होता, पण जगभर पोचवला लीबिगने.

पण हा डॉक्टरही चुकला. १८४५ च्या सुमारास इंग्लंडमध्ये त्याचं खत बाजारात आलं. पावसात वाहून जाऊ नये म्हणून त्याने ते न विरघळणारं बनवलं होतं. मग मुळांना ते मिळणार कसं? खत सपशेल फसलं. नायट्रोजन झाडाला हवेतल्या अमोनियातून पुरेसा मिळतो, असंही त्याला वाटायचं. रॉथमस्टेडला लॉज आणि गिल्बर्ट यांनी वर्षानुवर्षं गव्हाचे प्रयोग करून ते खोटं ठरवलं. लीबिग रागीट होता, खूप वर्षं भांडला. पण खताची चूक त्याने पुढे स्वतः कबूल केली. १८५२ साली तो म्युनिकला गेला आणि १८ एप्रिल १८७३ रोजी तिथेच वारला. गीसनच्या विद्यापीठाला आज त्याचंच नाव आहे.

त्याच्या हयातीतच, १८६० च्या सुमारास, सॅक्स आणि क्नोप यांनी मातीशिवाय नुसत्या क्षारांच्या पाण्यात झाडं वाढवली. अशा पाण्यातून एकेक घटक वगळायचा आणि पान काय बोलतं ते बघायचं. फिशटँकवाल्यांचा तक्ता याच विद्येतून आला. जुनी, खालची पानं अख्खी पिवळी झाली तर नायट्रोजन कमी. जुन्या पानांना बारीक भोकं पडली तर बहुतेक पोटॅश कमी. कारण हे दोन्ही घटक झाड जुन्या पानातून काढून नव्याला देतं. लोह तसं हलत नाही, म्हणून ते कमी पडलं की नवी पानं पिवळी होतात आणि शिरा हिरव्या राहतात.

माझ्या झाडाची नवी पानंच पिवळी होती! अर्धं पाणी बदललं, चिलेटेड लोहाचे थेंब मोजून टाकले. तीन आठवड्यांत नवी पानं हिरवी फुटली. जुनी पिवळी पानं मात्र सुधारली नाहीत.

मग डोक्यात ट्यूब पेटली. आमच्या चुनखडीच्या जमिनीत उसावर केवडा पडतो, तो हाच आजार. जमिनीत लोह असतं, पण मुळांना मिळत नाही. त्याच आठवड्यात बाबा युरियाचं आणखी एक पोतं आणणार होते. मी फोन करून म्हटलं, बाबा थांबा, आधी कोणतं पान पिवळं आहे ते बघा. वरचंच निघालं. मग कृषी विद्यापीठाच्या लोकांना विचारून त्यांनी फेरस सल्फेट फवारलं आणि माती तपासायला दिली.

तीन गप्पी गेले, त्याचं वाईट वाटतंच. पण पोत्याचे पैसे वाचले. मित्रांनो, पान पिवळं दिसलं की आधी विचारा, कमी काय आहे? औषध नंतर.