मृगयासक्त जहांगीर

मोगल बादशहा जहांगीर याचे आयुष्य जन्मापूर्वीच शिकारीशी बांधले गेले होते. तो आईच्या उदरात असताना एके दिवशी गर्भाची हालचाल थांबली. तो शुक्रवार होता आणि अकबर चित्ते घेऊन शिकारीला गेला होता. मूल वाचले तर शुक्रवारी चित्त्यांकरवी शिकार करणार नाही, असा नवस त्याने केला. गर्भाची हालचाल पुन्हा सुरू झाली आणि ३१ ऑगस्ट १५६९ रोजी सीक्री येथे सलीमचा जन्म झाला. पित्याने तो नवस जन्मभर पाळला आणि पुत्रानेही तो पुढे चालविला. ही हकीकत पुत्रानेच आपल्या आत्मवृत्तात नोंदवून ठेवली आहे.

पणजोबा बाबराने आपले आत्मचरित्र चगताई तुर्कीत लिहिले. जहांगीराने फारसी गद्य निवडले. १६०५ मध्ये गादीवर आल्यापासून राज्यारोहणाच्या सतराव्या वर्षापर्यंत त्याने जहांगीरनामा स्वतः लिहिला आणि प्रकृती ढासळल्यावर ते काम मुतमदखानाकडे सोपविले. स्वतःच्या मद्यासक्तीविषयी तो यात मोकळेपणाने लिहितो आणि अबुल फजलच्या १६०२ मधील हत्येमागे आपणच होतो, हेही लपवीत नाही. या निःसंकोच लेखनात मृगयेचे वर्णन पानोपानी येते. त्याच्या स्वभावातील विसंगती जितकी तेथे उघडी पडते, तितकी दरबारी प्रसंगांत क्वचितच पडते.

काळवीट, चिंकारा व नीलगाय हे प्राणी शास्त्रीय वर्गीकरणात हरिण नव्हेत, कुरंग होत. परंतु लोकभाषेने काळवीट व चिंकारा यांना हरणांतच सामावून घेतले आहे. काळविटाचा निवास उघड्या माळावर असतो. आडोसा नसल्याने दृष्टी आणि वेग हेच त्याचे संरक्षण. कळपातील एखाद्या मादीला संशय आला आणि तिने उंच उडी घेतली, की क्षणार्धात सारा कळप उधळतो. म्हणून अशा सावजाची शिकार ही मुख्यतः त्याच्या भीतीला चुकविण्याची कला ठरते. मोगलांनी ती कसोशीने साधली होती. डोळ्यांवर पट्टी बांधलेला चित्ता गाडीतून नेला जाई, वाऱ्याची दिशा पाहून त्याला दबा धरून बसविले जाई आणि गाडी मुद्दाम दुसरीकडे हाकली जाई. दुसरी रीत याहून विलक्षण होती. माणसाळलेल्या काळविटाच्या अंगावर जाळे अडकवून त्याला रानातील नरावर सोडीत. झुंजताना रानकाळविटाची शिंगे व पाय त्या जाळ्यात गुंतत. माणसाची चाहूल न साहणारा प्राणी स्वजातीयावर विश्वासून पकडला जाई.

जहांगीरापाशी अशा कामात अजोड ठरलेला एक काळवीट होता. त्याचे नाव मनसराज. तो मेला तेव्हा लाहोरजवळच्या त्या शिकारीच्या प्रदेशात बादशहाने त्याची कबर बांधविली आणि १६०७ मध्ये तेथे मनोरा उभारविला. मुल्ला मुहंमद हुसेन काश्मिरी या नामांकित सुलेखनकाराकडून शिळालेख सिद्ध करविला आणि कबरीवरील शिळेला हरणाचा आकार दिला. त्या माळावरील हरणांची शिकार कोणी करू नये, त्यांचे मांस हिंदूंनी गोमांसासमान आणि मुसलमानांनी डुकराच्या मांसासमान मानावे, अशी आज्ञाही सुटली. सलीमच्या लाडक्या नावावरून पुढे शेखूपुरा म्हणून ओळखल्या गेलेल्या आणि आज पाकिस्तानात असलेल्या त्या गावी हिरन मिनार अद्याप उभा आहे. स्वजातीयांना फसविणाऱ्या मुक्या जनावराच्या वाट्याला स्मारक आले आणि त्याच्या पुण्याईने त्या स्वजातीयांना अभयही मिळाले.

माणसांच्या वाट्याला मात्र नेहमीच असे औदार्य येत नसे. १६१० मधली गोष्ट. जहांगीर एका नीलगाईच्या मागावर होता. बऱ्याच खटपटीनंतर ती बंदुकीच्या टप्प्यात आली. बार उडणार, इतक्यात एक मोतद्दार आणि दोन कहार अकस्मात समोर आले. नीलगाय बिचकली आणि नाहीशी झाली. संतापलेल्या बादशहाने मोतद्दाराला जागीच ठार करण्याचा आणि दोघा कहारांच्या पायांच्या शिरा तोडून त्यांना गाढवावरून छावणीत फिरविण्याचा हुकूम दिला. त्यानंतर तो ससाणे घेऊन शिकारीस गेला. राज्यावर येताच दीनदुबळ्यांना दाद मागता यावी म्हणून आग्र्याच्या किल्ल्यावरून साठ घंटांची सोन्याची साखळी सोडणारा आणि आठवड्यातील दोन दिवस पशुहत्या बंद करणारा राजा तो हाच. हा प्रसंग त्याने स्वतःच लिहिला आहे आणि लिहिताना पश्चात्तापाचा एक शब्दही काढलेला नाही. जनावराच्या भीतीचा अंदाज घेण्यात ज्याने आयुष्य घालविले, त्याला आपल्याच सेवकांच्या भीतीचे मोल वाटले नाही.

राज्यारोहणाच्या अकराव्या वर्षी त्याने शिकारीचा हिशेब करविला. वयाच्या बाराव्या वर्षापासून त्याच्यासमक्ष २८,५३२ प्राणी मारले गेले होते. त्यांपैकी १७,१६७ त्याने स्वहस्ते मारले होते. त्यांत नीलगाई ८८९, तर काळवीट, चिंकारा, चितळ, रानबोकड इत्यादी मिळून १,६७०. पन्नाशीनंतर बंदुकीची शिकार सोडण्याचा संकल्प त्याने पूर्वीच केला होता. नातू शुजा गंभीर आजारी पडला तेव्हा तो संकल्प त्याला आठवला आणि नातू वाचावा म्हणून कोणत्याही जिवाला स्वहस्ते इजा न करण्याचे व्रत त्याने घेतले. नातू बरा झाला. एका मुलासाठी पित्याने बोललेला नवस असा पुढल्या पिढीत नव्या रूपाने अवतरला. त्याच सुमारास, १६१८ मध्ये, गुजरातच्या मुक्कामात त्याने लैला व मजनू नावाच्या सारसांच्या जोडीचे मीलन आणि अंडी उबविण्याच्या त्यांच्या पाळ्या बारकाईने टिपून ठेवल्या. दबा धरून बसण्याची जुनी सवय आता निरीक्षणाच्या कामी आली होती. हे व्रत सुमारे पाच वर्षे टिकले. १६२२ मध्ये पुत्र शाहजहानच्या बंडाने मन विटले, तेव्हा त्याने पुन्हा बंदूक हाती घेतली.

१६२७ मध्ये दम्याने जर्जर झालेला बादशहा काश्मीरहून लाहोरकडे परतत होता. वाटेत बैरमकला हे त्याचे आवडते शिकारीचे ठिकाण लागले. तेथे उंच कड्याच्या पायथ्याशी त्याच्यासाठी बैठक केलेली असे. हाकेकरी हरणांना कड्यावर आणीत, खालून बार होई आणि सावज गडगडत खाली येई. त्या दिवशी एक हरिण कड्याच्या टोकाशी येऊन थबकले. खालून ते नीट दिसेना. त्याला हलविण्यासाठी एक प्यादा पुढे सरसावला. त्याचा पाय घसरला, हाती धरलेले झुडूप उपटले आणि तो कड्यावरून कोसळून मरण पावला. बादशहा हादरून गेला. त्याने त्या प्याद्याच्या आईला बोलावून द्रव्य दिले. परंतु मनाला स्वस्थता लाभेना. जणू त्या रूपाने मृत्यूच आपल्याला दिसला, असे त्याने मनाशी घेतले. त्यानंतर प्रकृती झपाट्याने खालावली आणि थोड्याच दिवसांत, ऑक्टोबरअखेरीस, भिंबरच्या वाटेवर त्याचा अंत झाला.

नीलगाय बिचकली म्हणून एका माणसाचा जीव घेतला गेला. हरिण जागचे हलेना म्हणून दुसऱ्याचा गेला. दोघांचीही नावे इतिहासाने राखली नाहीत. मनसराजाचे नाव मात्र राहिले. या दोन मृत्यूंमध्ये सतरा वर्षांचे अंतर आहे. पहिला मृत्यू जहांगीराने स्वतःच्या लेखणीने नोंदविला, शिकारीच्या दिनक्रमातील एक विघ्न म्हणून. दुसरा मुतमदखानाच्या इकबालनाम्यात येतो, कारण तोवर बादशहाची लेखणी थांबली होती. ज्या शोकामुळे त्याच्या आत्मचरित्राला पूर्णत्व आले असते, तो लिहिण्याचे काम दुसऱ्याच्या हाती गेले. जहांगीराचे चरित्र अभ्यासताना हे दोन ग्रंथ एकमेकांशेजारी ठेवावे लागतात ते याच कारणाने. सावजाला कळू न देता त्याच्या निकट जाण्याची विद्या त्याला बालपणीच अवगत झाली. माणसाच्या मरणाच्या निकट जाण्यास मात्र त्याला सारे आयुष्य लागले.