अमानत सांभाळणारे सर सोराबजी

बँकेत आपण 'अनामत' भरतो, ती मुळात अरबीतली 'अमानत'. विश्वासाने दुसऱ्याच्या हाती सोपवलेली वस्तू. मराठीत येताना अक्षरांची अदलाबदल झाली, अर्थ मात्र टिकला. सोराबजी पोचखानवाला यांचे आयुष्य या एका शब्दाभोवतीच फिरले.

मुंबईच्या पारशी कुटुंबात ९ ऑगस्ट १८८१ चा जन्म. वडील लहानपणीच गेले. कॉलेज अर्धवट सोडून सोराबजी चार्टर्ड बँकेत कारकून झाले. पगार महिना वीस रुपये. लंडनच्या बँकिंग संस्थेची परीक्षाही पास झाले. पुढे बँक ऑफ इंडियात गेले. पण बँकांतल्या वरच्या खुर्च्या गोऱ्या साहेबांच्या. हिंदी माणसाने कितीही हिशेब चोख ठेवावा, पगार आणि मान त्याला बेताचाच. ही सल त्यांना गप्प बसू देईना.

२१ डिसेंबर १९११ रोजी सेंट्रल बँक ऑफ इंडिया सुरू झाली. मालकी हिंदी आणि कारभारही हिंदी. अध्यक्षपदी सर फिरोजशहा मेहता. सोराबजी तेव्हा अवघे तिशीचे.

दोनच वर्षांत कसोटी आली. १९१३ मध्ये लाहोरची पीपल्स बँक बुडाली, पाठोपाठ मुंबईची इंडियन स्पेसी बँक. देशी बँक म्हटली की लोकांना धडकी भरू लागली. ज्याने आयुष्यभराची पुंजी ठेवली, त्याला नुसती अफवाही पुरते, त्यात त्याचा दोष काय? कित्येक देशी बँका त्या लाटेत गेल्या. सेंट्रल बँक तरली आणि १९२३ मध्ये तिने टाटा इंडस्ट्रियल बँकही आपल्यात सामावून घेतली.

मला त्यांची मोठी कामगिरी वेगळीच वाटते. बँक म्हणजे शेठ-सावकारांची जागा, अशी समजूत होती. १९२१ मध्ये त्यांनी घरगुती बचतीची योजना आणली, तर १९२४ मध्ये स्त्रियांसाठी स्वतंत्र विभाग उघडला. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे बायका धान्याच्या कोठीत पैसे दडवत, हे पाहत वाढलेल्यांना त्या विभागाचे मोल वेगळे सांगायला नको.

१९३४ मध्ये ते 'सर' झाले. त्याच वर्षी सिलोनच्या बँकिंग आयोगाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. त्या आयोगाच्या शिफारशींतून १९३९ मध्ये बँक ऑफ सिलोन उभी राहिली. सोराबजी मात्र दोन वर्षे आधीच, ४ जुलै १९३७ रोजी गेले होते. वय पंचावन्न.