कमला सोहोनी

कमला सोहोनी (माहेरच्या कमला भागवत, १९११ - १९९८) या भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ व प्राध्यापिका होत्या. केंब्रिज विद्यापीठाची पीएच.डी. पदवी मिळवणाऱ्या सुरुवातीच्या भारतीय स्त्री-वैज्ञानिकांत त्यांची गणना होते. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स (आताची विज्ञान संस्था) येथे त्यांनी जीवरसायनशास्त्राचे अध्यापन केले व पुढे त्या संस्थेच्या संचालक झाल्या.

पूर्वायुष्य

त्यांचा जन्म इंदूर येथे झाला. वडील नारायणराव व काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ असून बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे विद्यार्थी होते. लेखिका व लोकसाहित्याच्या अभ्यासक दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. कमला यांनी १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची रसायनशास्त्र मुख्य विषय असलेली बी.एस्सी. पदवी मिळवली.

बंगळुरूतील प्रवेश

गुणवत्ता असूनही केवळ स्त्री असल्यामुळे भारतीय विज्ञान संस्थेचे तत्कालीन संचालक चंद्रशेखर वेंकट रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला. कमला यांनी हा निर्णय मान्य केला नाही. त्यांच्या आग्रहानंतर प्रवेश मिळाला, परंतु अटींवर. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते, आणि पुरुष सहकाऱ्यांच्या कामात त्यांच्यामुळे व्यत्यय येता कामा नये, असे बंधन होते. सोबतच्या पुरुष विद्यार्थ्यांना अशा कसोटीतून जावे लागत नव्हते. एम. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध व कडधान्यांतील प्रथिनांवर काम केले. वर्षअखेरीस रामन यांचे समाधान झाले व संस्थेचे दार इतर विद्यार्थिनींनाही खुले झाले. १९३६ मध्ये त्यांनी एम.एस्सी. पदवी मिळवली.

केंब्रिज

शिष्यवृत्ती मिळवून त्या केंब्रिजला गेल्या. तेथे डेरेक रिक्टर व त्यानंतर रॉबिन हिल यांच्यासोबत काम करताना बटाट्यावरील प्रयोगांतून वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी असल्याचे त्यांना आढळले. हे प्रथिन पेशींच्या श्वसनात इलेक्ट्रॉन वाहून नेते. सुमारे ४० पानांच्या प्रबंधावर त्यांना १९३९ मध्ये पीएच.डी. मिळाली.

अध्यापन व सामूहिक संशोधन

भारतात परतल्यावर त्यांनी दिल्लीचे लेडी हार्डिंग महाविद्यालय व कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा येथे काम केले. १९४७ मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईस आल्या. रॉयल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांच्या विद्यार्थ्यांनी नीरा, कडधान्ये व भात यांसारख्या सामान्य लोकांच्या आहारातील पदार्थांवर संशोधन केले आणि शोधनिबंध गुरू व शिष्यांच्या संयुक्त नावांनी प्रसिद्ध झाले. वालामधील, ट्रिप्सिन या पाचक विकराला अटकाव करणाऱ्या घटकावरील असा एक निबंध १९५५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आला. नीरेतील पोषक घटक कुपोषित बालके व गर्भवती स्त्रियांना उपयुक्त ठरतात, असे त्यांच्या अभ्यासातून दिसून आले. या कार्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

ग्राहक चळवळ

१९६६ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय ग्राहक मार्गदर्शन संस्थेच्या कार्यात त्या सक्रिय होत्या. १९८२-८३ मध्ये त्या संस्थेच्या अध्यक्ष होत्या. ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी संस्थेच्या 'कीमत' या नियतकालिकात त्यांनी लेखन केले.